सायरन, आई आणि परतीचं तिकीट

पत्र :

ताई, मी मूळची सांगलीची. दीड वर्षापासून नवरा आणि तीन वर्षांच्या मुलीसोबत इस्रायलमध्ये रामत गानला राहते. नवरा विद्यापीठात पोस्टडॉक आहे, करार अजून चौदा महिन्यांचा. बातम्यांत पुन्हा युद्धाची भाषा सुरू झाली की आईचा दिवसातून सहा वेळा फोन येतो, ‘मुलीला घेऊन निघून ये.’ नवरा म्हणतो, ‘खाली बघ, लोक कॅफेत बसलेत. उगीच घाबरू नकोस.’ आमची इमारत जुनी, पाच मजली, आम्ही तिसऱ्यावर. घरात सुरक्षित खोली नाही, सार्वजनिक शेल्टर ‘जवळच’ आहे. मुलीचा पासपोर्ट चार महिन्यांनी संपतो, तेही काम पडलंय. मी रात्री बाहेरच्या कपड्यांतच झोपते. राहू की जाऊ?
– द्विधा, रामत गान

उत्तर :

तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस. मुलीचा पासपोर्ट चार महिन्यांनी संपतोय. राहायचं की जायचं, यावर तुम्ही तिघं हवं तितकं भांडा, पण त्याआधी ते काम कर. इस्रायलहून विमानं बंद झाली तर उरतो जमिनीवरचा रस्ता, मुख्यतः जॉर्डनचा, आणि जॉर्डनला पासपोर्टवर सहा महिने शिल्लक लागतात. तुझ्या मुलीकडे आज ते नाहीत. पासपोर्ट पूर्ण संपला तर दूतावास तिला इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकेल, पण ते फक्त भारतात पोहोचण्यापुरतं, एकाच प्रवासाचं. त्यावर परत येता येत नाही. नव्या पासपोर्टसाठी अल्पवयीन मुलांच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्श्चर डी नावाचं घोषणापत्र लागतं, म्हणून नवरा परिषदेला कुठे जाणार असेल तर त्याआधी सही घे. नवा हातात आला की जुना फेकू नकोस. इस्रायलचा व्हिसा त्या जुन्यात आहे, नव्यावर तो करून घेईपर्यंत दोन्ही सोबत हवेत.

आता कॅफेचं. नवऱ्याचा मुद्दा मला पटत नाही. कॅफेत बसलेल्या माणसाला हिब्रू येतं, त्याचा भाऊ सैन्यात असतो, अनेकदा घरात ममाद, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली, असतो आणि मुख्य म्हणजे त्याला जायला दुसरा देश नसतो. त्याचं शांत बसणं हा तुमच्या सुरक्षिततेचा पुरावा नाही. आणि आई? ती मराठी वाहिन्यांवरचे लाल बाण बघत आणि स्फोटांचे आवाज ऐकत बसते, तिलाही रामत गानचं चित्र दिसत नाही. दोघंही खरं बोलतात, पण दोघांनीही तुझा जिना पाहिलेला नाही.

त्या जिन्यापासूनच सुरू कर. तेल अवीव-रामत गान परिसरात सायरन वाजल्यापासून आत जाईपर्यंत साधारण 90 सेकंद मिळतात. तुझं शेल्टर ‘जवळच’ म्हणजे किती सेकंद? आज रात्री मोज. दिवसा नाही, रात्री, झोपेतून उठवलेल्या मुलीला कडेवर घेऊन, चप्पल शोधून, कुलूप लावून, लिफ्ट न वापरता. माझा अंदाज आहे की अडीच-तीन मिनिटं लागतील. तसं असेल तर सायरन झाल्यावर त्या शेल्टरकडे पळणं हा पर्यायच नाही, कारण वाटेतच उघड्यावर सापडशील. इराणकडून येणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी 2025 च्या जूनमध्ये सायरनच्या काही मिनिटं आधी फोनवर पूर्वसूचना येत असे. शेल्टरकडे निघायचं ते त्या सूचनेवर. थेट सायरन वाजला, म्हणजे पूर्वसूचना मिळालीच नाही, तर आतला जिना. जिन्याला बाहेरची भिंत किंवा खिडकी नको, आणि डोक्यावर निदान दोन मजले हवेत. पाच मजली इमारतीत तिसऱ्याचा किंवा दुसऱ्याचा जिना त्यात बसतो. अगदी खाली दारापाशी उतरू नकोस, स्फोटाचा धक्का आणि काचा तिथूनच आत येतात. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर तर नकोच, फरशांचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. कुकरची शिट्टी बाकी असली तरी गॅस बंद करूनच निघायचं.

शेल्टर खरंच उघडं असतं का, तेही पाहून ठेव. काही मिकलातना, म्हणजे सार्वजनिक शेल्टरना, एरवी कुलूप असतं. महापालिकेचा क्रमांक 106, तिथे विचार की तुझ्या पत्त्याला कोणतं नेमून दिलंय आणि रात्री ते कसं उघडतं. लाइट रेल या शहरी रेल्वेच्या रेड लाइनची जमिनीखालची स्थानकंही लोकांनी त्या जूनमध्ये रात्र काढायला वापरली. स्थानक तुझ्याजवळ असेल तर पूर्वसूचना आल्यावर जायला ते चांगलं.

आता एक अशी अडचण, जिचा अंदाज नवख्याला नसतो. पिकुद हाओरेफचं, म्हणजे नागरी संरक्षण पाहणाऱ्या लष्करी होम फ्रंट कमांडचं अ‍ॅप फोनच्या जीपीएसवरून तुझा भाग ओळखतं. पण तणावात तिथे जीपीएस बिघडवलं जातं. 2024 मध्ये तेल अवीवमधल्या माणसांचे फोन त्यांना बैरूतमध्ये दाखवत होते. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘रामत गान’ हा भाग हाताने निवडून ठेव, आणि नवऱ्याच्या विद्यापीठाचाही. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून ते अ‍ॅप वगळ, नाहीतर रात्री फोन त्यालाच झोपवतो. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा बहुतेक बस आणि रेल्वे बंद असतात. काही रेडिओ केंद्रं त्या वेळात ‘शांत वाहिनी’ ठेवतात, एरवी निःशब्द आणि इशाऱ्याच्या वेळी बोलणारी. बॅटरीचा छोटा रेडिओ त्यासाठी उशाशी असू दे. 101 रुग्णवाहिका, 100 पोलीस, 102 अग्निशमन, 104 होम फ्रंट कमांड, हे आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लाव.

तू बाहेरचे कपडे घालून झोपतेस ते मला चुकीचं वाटत नाही. फक्त त्याऐवजी दाराशी एक पिशवी आणि तिघांच्या चपला ठेवल्यास, तर गाऊन घालून झोपता येईल. पिशवी सात-आठ किलोंच्या वर नको, कारण दुसऱ्या हातावर मूल आहे. तिघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड, नवऱ्याचं नेमणूकपत्र, घरभाड्याचा करार, आठवड्याची औषधं, दोन पॉवर बँक, मुलीचे कपडे आणि तिला झोपताना लागतं ते काय असेल ते. रोख हजारभर शेकेल आणि चार-पाचशे अमेरिकी डॉलर, लहान नोटांत. वीज गेली की कार्डयंत्रं बंद, आणि सीमेवर डॉलरलाच किंमत. तू एकटी मुलीला घेऊन निघालीस तर नवऱ्याचं संमतीपत्र इंग्रजीत, सहीनिशी असू दे. पाणी घरात वेगळं ठेव, माणशी दिवसाला तीन लिटरप्रमाणे तीन दिवसांचं. तुम्हा तिघांना 27 लिटर, म्हणजे दीड लिटरच्या अठरा बाटल्या.

पण खरं सांगू, मला तुझ्या घराचीच जास्त काळजी वाटते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून बांधलेल्या घरांत ममाद सक्तीचा झाला. 1991 च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडली त्याचा तो धडा. जाड काँक्रीट, लोखंडी दार, लोखंडी झडप. थेट आदळलेल्या मोठ्या क्षेपणास्त्रापुढे ती खोलीही टिकेलच असं नाही, पण आसपास पडलेल्यापासून ती वाचवते, आणि बहुतेक माणसांना इजा आसपास पडलेल्यानेच होते. चौदा महिने राहायचंच असेल तर ममाद असलेल्या लहान घरात जा. भाडं वाढेल, खोली कमी होईल, रामत गानऐवजी थोडं लांब जावं लागेल. तरी विमानाच्या तिकिटावर घालवायच्या पैशांपेक्षा तो पैसा चांगला लागेल. करार मोडण्यासाठी बहुतेक घरमालक बदली भाडेकरू मागतात, तुमच्या करारात ते कलम आहे का ते नवऱ्याला वाचायला सांग.

जायचं कधी, हे मात्र सायरन वाजल्यावर ठरत नाही. 13 जून 2025 ला शुक्रवारी पहाटे इराणशी युद्ध सुरू झालं आणि तेल अवीवजवळचा बेन गुरियन विमानतळ त्याच वेळी बंद झाला. शनिवारचं तिकीट हातात असलेल्यांना त्याचा उपयोग शून्य. भारत सरकारने ऑपरेशन सिंधू ही सुटकेची मोहीम काढली, लोकांना जॉर्डन आणि इजिप्तमार्गे आणलं. पण अम्मानहून इस्रायलमधल्या लोकांची पहिली तुकडी दिल्लीत उतरली ती 24 जूनला, युद्धविराम झाला त्याच दिवशी. सरकारवर हा ठपका नाही. बंद आकाशाखालून माणसं बसने सीमेवर नेणं, परवाने मिळवणं, विमान उभं करणं याला इतका वेळ लागतोच. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑपरेशन अजय या तशाच मोहिमेचं पहिलं विमान 212 जणांना घेऊन हमासच्या हल्ल्यानंतर सहा दिवसांत दिल्लीला पोहोचलं, पण तेव्हा बेन गुरियन चालू होता. म्हणजे सुटका होतेच, पण युद्धाचे सर्वांत वाईट दिवस संपल्यावरही होऊ शकते.

म्हणून नवऱ्यासोबत बसून आत्ताच, शांत असताना, खुणा लिहून काढा. एक, आपल्या दूतावासाची भाषा. ‘सतर्क राहा’ नेहमीचंच असतं. ‘उपलब्ध विमानांनी निघावे’ असा शब्द आला की तू आणि मुलगी त्याच दिवशी तिकीट काढा. दोन, इतर देश आपल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं हलवू लागले का. 2025 मध्ये अमेरिकेने 11 जूनला बगदादच्या दूतावासातली माणसं कमी करायला सांगितली आणि त्या टापूतल्या आपल्या सैनिकांच्या कुटुंबांना निघायची मुभा दिली. दोनच दिवसांनी हल्ला झाला. माझ्या मते सगळ्यात वजनदार खूण हीच. विमान कंपन्यांच्या रद्द होणाऱ्या फेऱ्यांवर एवढा विश्वास ठेवू नकोस. 4 मे 2025 ला येमेनहून आलेलं क्षेपणास्त्र विमानतळाजवळ पडलं, एअर इंडियाचं विमान अबू धाबीला वळवलं, फेऱ्या थांबल्या, पण शहर चालू राहिलं. आणि होम फ्रंट कमांडने शाळा बंद केल्या, जमावबंदी केली, ही खूण मुळात उशिराची. तोपर्यंत विमानतळ बंद असतो.

विमानतळ बंद झाला आणि तू आतच राहिलीस, तर माझं मत स्पष्ट आहे. मुलीला घेऊन स्वतः टॅक्सी करून सीमेकडे धावू नकोस. दूतावासाने बस सांगितली तरच. जॉर्डनकडे जायला उत्तरेला शेख हुसेन पूल, दक्षिणेला एलातजवळून अकाबा, आणि इजिप्तकडे ताबा. जॉर्डनकडेच जाणाऱ्या अलेन्बी पुलावर जागेवर व्हिसा मिळत नाही, ताबावरून कैरोला जायला आधी घेतलेला व्हिसा हवा. अम्मानचं आकाशही काही तास बंद होऊ शकतं, एप्रिल 2024 मध्ये झालं होतं, म्हणून तिथे दोन-तीन रात्रींच्या खोलीचे पैसे धरून चाल. सायप्रसला नेणाऱ्या बोटींबद्दल ऐकशील. व्हिसा नसलेल्या भारतीय पासपोर्टला त्यांचा उपयोग नाही, आणि फसवणारे तिथेच भेटतात. दूतावासाची नोंदणी आजच कर, त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, तिघांची वेगवेगळी, दोन्ही फोन क्रमांकांसह. नोंदणी म्हणजे विमानातली जागा नव्हे, निघायचा अर्ज वेळ आल्यावर वेगळा भरावा लागतो.

दोन गोष्टी कायद्याच्या. क्षेपणास्त्र पडलेल्या जागेचा व्हिडिओ काढून सांगलीच्या ग्रुपवर टाकू नकोस. तिथे लष्करी सेन्सॉर आहे आणि परदेशी माणसाला यासाठी ताब्यात घेतात. दुसरं, भारतातून काढलेल्या प्रवासविम्यात युद्धाचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, पॉलिसीतलं ते कलम शोध. पण इस्रायलमध्ये कायदेशीर प्रवेश केलेल्या परदेशी माणसाला शत्रूच्या हल्ल्यात इजा झाली तर तिथल्या राष्ट्रीय विमा संस्थेकडे दावा करता येतो. सामान फुटलं तर फोटो काढूनच झाडायला घे.

आईसाठी वेळ ठरव. उन्हाळ्यात तुमच्यात आणि सांगलीत अडीच तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतीन. तिला सांग, रोज सांगलीच्या रात्री नऊला ‘ठीक’ एवढा एक शब्द येईल, आणि टीव्हीवर काही दिसलं तरी पहिला अर्धा तास फोन करायचा नाही. काँक्रीटच्या शेल्टरमध्ये रेंज नसते, आणि न लागलेला फोन तिला बॉम्बपेक्षा जास्त घाबरवतो. आधी कळलेलं असेल तर ती निभावून नेईल.

मुलीला ‘लढाई’ सांगू नकोस, आवाज आला की जिन्यात जायचं आणि आकडे म्हणायचे एवढंच पुरे. रामले, लोद, अश्दोद इथे कोकणातून गेलेली बेने इस्रायली ज्यू कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना मराठी येतं, हिब्रू तर येतंच. अशा एखाद्या आजीशी ओळख काढ. रात्री दोन वाजता महापालिकेचा संदेश काय म्हणतोय हे मराठीत सांगणारं कुणी असणं फार उपयोगाचं असतं.

तर आत्ता राहा, पण त्या घरात नाही आणि त्या पासपोर्टवर नाही. पहिल्या दोन खुणांपैकी एक जरी दिसली तर तू आणि मुलगी सांगलीला या, नवऱ्याला हवं तर राहू दे. पुढच्या पत्रात मला आधी जिन्याचे सेकंद कळव, मग बाकीचं लिही.