नसा पुस्तकाबरहुकूम नसतात तेव्हा

प्रश्न : करंगळीला मुंग्या येतात म्हणून नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेला करंट देऊन करतात ती तपासणी) केली. रिपोर्टात ‘मार्टिन-ग्रुबर’ लिहून आलंय. हा कुठला आजार?

उत्तर : आजार नाही, जोडणी आहे. मीडियन (अंगठ्याकडची) आणि अल्नर (करंगळीकडची) या दोन नसा हातात आपापल्या वाटेने उतरतात. शंभरात साधारण १५ ते २० जणांत मीडियनचे काही धागे कोपराखाली वाट सोडून अल्नरला जाऊन मिळतात. मार्टिनने हे १७६३ साली नोंदवलं, ग्रुबरने १८७० साली.

तुम्ही पाठवलेले आकडे बघा. अल्नरला मनगटापाशी करंट दिला तेव्हा करंगळीच्या स्नायूची लाट, म्हणजे त्याचा विजेचा प्रतिसाद, ८ मिलिव्होल्ट आली, कोपराखाली दिला तेव्हा ५. घाईत वाचणारा म्हणेल, मधे नस दबलीय. तुमच्या टेक्निशियनने मात्र कोपरापाशी मीडियनलाही करंट देऊन पाहिला आणि हरवलेले ३ तिथे सापडले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पण या जोडणीतून जातात ते बहुतेक स्नायू हलवणारे धागे. त्यामुळे मुंग्यांचं खापर तिच्यावर फोडू नका. रात्री कोपर दुमडून, हाताची उशी करून झोपता का? आधी ते आठ-पंधरा दिवस बंद करून पाहा. करंगळी बधिरच राहू लागली किंवा पकड सैल झाली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मला कार्पल टनेल (मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दबणं) सांगितलंय. अनामिका अर्धीच बधिर आहे म्हटलं की घरचे हसतात.

उत्तर : हसू द्या, तुमचं बरोबर आहे. कापसाचा बोळा अनामिकेच्या दोन्ही कडांवरून फिरवा. मधल्या बोटाकडची कड मीडियनची, करंगळीकडची अल्नरची. अशी फाळणी स्पष्ट दिसली की निदानाला बळच मिळतं. तळव्याचा मधला भाग शाबूत असेल, कारण त्याची फांदी मनगटाच्या सुमारे ५ सेंटिमीटर वरच फुटते आणि बोगद्यात शिरतच नाही.

सगळ्यांची फाळणी इतकी स्वच्छ नसते. निम्म्याहून जास्त हातांत तळव्यात या दोन नसांना जोडणारा एक धागा असतो, बेरेत्तिनीचा. हा बेरेत्तिनी म्हणजे सतराव्या शतकातला इटालियन चित्रकार. त्याची शरीररचनेची चित्रं छापली गेली ती १७४१ मध्ये, तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी.

प्रश्न : कार्पल टनेलच्या ऑपरेशनमध्ये चुकून नस कापली जाईल का?

उत्तर : धोका कमी आहे, पण भीती अगदीच निराधार नाही. अंगठ्याच्या बुडाचे स्नायू चालवणारी बारीक फांदी काहींच्यात थेट त्या पट्ट्यातूनच आरपार येते, बोगद्याच्या छताचा जो पट्टा आम्ही कापतो. म्हणून चिरा करंगळीच्या बाजूला सरकवून घेतात. मीडियन दुभंगलेली असेल किंवा तिच्यासोबत जादा रक्तवाहिनी असेल, तर ते सोनोग्राफीत कळतं. ही फांदी मात्र सहज दिसत नाही. सर्जनना खुशाल विचारा, रागावणार नाहीत.

प्रश्न : (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी) मनगटाशी मीडियन पूर्ण तुटलेल्या पेशंटचा अंगठा तरी हलतो. कसं?

उत्तर : तळव्यात रिश-कॅन्यू ही मीडियन-अल्नरमधली आणखी एक जोडणी असेल, तर अल्नर ते काम उचलते. पण आधी दुसरी शक्यता तपासा : हातातल्या तिसऱ्या, रेडियल नसेवर चालणारा लांब स्नायूही अंगठा बाजूला खेचतो. पेशंट अंगठा उचलत असताना त्याच्या बुडाशी बोट ठेवा. तिथला मांसल भाग घट्ट होतो की नाही ते बघा, मग मला लिहा.