मॅडम, कोणी ‘नाही’सुद्धा म्हणत नाही

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत नागपुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ते मला ऐकू येतं. हिंगण्याची बी.कॉम. झालेली मुलगी, मूल शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नोकरी शोधणारी प्रतापनगरची शिक्षिका, पुण्याहून परत आलेला आयटीवाला. नोकरीचा अर्ज मोबाइलवरून जातो, एका अंगठ्यासरशी जातो आणि विहिरीत दगड टाकावा तसा जातो. तिथं निदान ‘डुबुक’ तरी होतं, इथं तेही नाही. मग माणूस रात्री दोन वाजता उठून ॲप उघडून बघतो.

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा प्रणयची गोष्ट सांगते. नाव बदललंय, परवानगी घेतलीय.

प्रणय सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअर, राहायला मानेवाड्याला. सोबत बाबा आले होते. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली, “मॅडम, हा दिवसभर मोबाइल पाहून राहिला. सकाळी मोबाइल, रात्री मोबाइल. नोकरी काय मोबाइलमधून निघते का जी?”

“आता तिथूनच निघते,” मी म्हटलं. बाबांना ते आवडलं नाही. प्रणयनं मात्र पहिल्यांदा वर पाहिलं.

सुरुवातीच्या तीन भेटी झोप, भूक आणि मित्रांच्या लग्नांना न जाणं यात गेल्या. चौथ्या भेटीत मी विचारलं, “किती ठिकाणांहून नकार आला?”

“एकशे सदतीस.”

“मोजलेस?”

“ॲपमध्येच दिसतं ना मॅडम.”

“काय दिसतं? तिथं लिहिलंय तेच वाच.”

त्यानं फोन काढला. “अर्ज केले, १३७.”

“केले. नाकारले कुठं लिहिलंय?”

तो गप्प. माझे काही सहकारी अशा वेळी आधी दीर्घ श्वास घ्यायला लावतात. मी हिशेब मागते. एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि चार रकाने पाडायला सांगितले: स्पष्ट नकार, अर्ज उघडून पाहिला, फोन आला, काहीच नाही. चाळीस मिनिटं लागली. एकेक अर्ज उघडायचा, तारीख बघायची, रेघ मारायची. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि खरं सांगते, न बोलणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. शेवटी आकडे आले. नकार ९. पाहिला १४. फोन ३. काहीच नाही १११.

बराच वेळ तो त्या १११ वर बोट ठेवून बसला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे यांनी मला पाहिलंच नाही.”

“मग तू रोज रात्री कोणाचा नकार पचवतोस?”

तो हसला. त्या खोलीत चार भेटींत तो पहिल्यांदा हसला होता. घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये आपणच रचलेलं एक वाक्य असतं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून सांगत होते. मी त्याच वाटेची, लपवत नाही. ‘उत्तर आलं नाही’ ही घटना. ‘मी टाकाऊ आहे’ हे प्रणयचं वाक्य. मोबाइलनं एवढंच केलं, की पूर्वी महिन्यातून एकदा सुचणारं हे वाक्य आता दिवसातून चाळीसदा सुचतं, कारण ॲपही चाळीसदा उघडलं जातं.

त्या १११ चं कोडंही पूर्ण गूढ नव्हतं. प्रणयचा बायोडेटा छापील कागदाचा फोटो काढून पीडीएफ केलेला होता. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तो आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि फोटोतली अक्षरं त्याला वाचता येतीलच असं नाही. तो नीट टाइप करा. दोन रकान्यांची नक्षी, कौशल्यांचे रंगीत पट्टे नकोत. दुसरं म्हणजे फोन. भरतीवाले एकाच नंबरवरून शेकडो जणांना फोन करतात, लोक वैतागून तो नंबर ‘स्पॅम’ म्हणून नोंदवतात, आणि कॉल ओळखणारं ॲप तो लाल करून दाखवतं. प्रणयनं तर लाल नंबर आपोआप कट व्हायची सोय करून ठेवली होती. नोकरीला अर्ज करायचा आणि दार आतून लावून बसायचं! नोकरी शोधत असाल तर ती सोय बंद करा, ईमेलचं स्पॅमही रोज एकदा चाळा. मात्र नोंदणीचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे कुणी मागितले तर तिथंच थांबा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि वेळ ठरवा. सकाळी दहा ते बारा, टेबल-खुर्चीवर बसून, पाचच अर्ज, पण ती जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. पलंगावर आडवं पडून केलेला अर्ज आणि आडवं पडून पाहिलेले रील्स घरच्यांना सारखेच दिसतात. त्यांचं काय चुकलं?

पुढच्या भेटीला मी बाबांना आत बोलावलं आणि विचारलं, “तुम्हाला नोकरी कशी लागली?”

“एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड काढलं होतं जी. चार वर्षं कॉल लेटर नाही.”

“चार वर्षं काय केलंत?”

“काय करणार? पोस्टमन गल्लीत शिरला का दारात येऊन उभा राहत होतो. आई म्हणे, अरे, आत ये, लोक पाहून राहिले.” एवढं बोलून ते थांबले. पोराच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला काढला.

मला इथं काही करावं लागलं नाही. फक्त एक सुचलं, ते त्यांना सांगितलंही: तुमचं वाट पाहणं गल्लीला दिसत होतं, आईला दिसत होतं. याचं कुणालाच दिसत नाही, कारण पोस्टमन याच्या खिशात आहे. माझं हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

मे महिन्यात प्रणयला मोबाइलवरची रेकॉर्डेड मुलाखत आली. समोर माणूस नसतो. पडद्यावर प्रश्न येतो, विचाराला अर्धं मिनिट, उत्तराला दोन, आणि पूर्ण वेळ आपलाच चेहरा आपल्याकडे बघत असतो. आम्ही माझ्या खोलीत दोनदा तालीम केली. फोन पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला, खिडकी तोंडासमोर, नजर आपल्या चेहऱ्यावर न ठेवता वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्यावर. कूलर तेवढा आमच्या लक्षात आला नाही. नागपूरच्या घरातला मेमधला कूलर म्हणजे डोक्याशी उभा असलेला ट्रक. त्याच्यापुढे कोणाचं उत्तर ऐकू जाणार?

मुलाखतीच्या दिवशी दुपारी मला बाबांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

“मॅडम, त्याचं सुरू झालं. कूलर बंद केला मी.”

“आणि तुम्ही?”

“बाहेर बसलो आहे जी, निंबाखाली. डोक्याला दुपट्टा बांधला. कोणी बेल वाजवू नये म्हणून.”