ट्रक वेगवान होईल, पण तो चालवायला पैसे उरतील का?

भोसरीच्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे ट्रॅक्सासचा स्लॅश आहे. एक दशांश मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा, रिमोटवरचा रेसिंग ट्रक. २४,००० रुपयांना सेकंडहँड घेतलेला. रविवारी मातीच्या ट्रॅकवर पाच-पाच मिनिटांच्या हीट (शर्यतीच्या फेऱ्या) होतात, त्यात ते सहसा चौथे-पाचवे येतात. आता त्यांना सगळे पार्ट बदलायचे आहेत. यादी त्यांनीच पाठवली आहे: ब्रशलेस मोटर (साध्या मोटरपेक्षा जास्त ताकदीची) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) २४,५००, थ्री-एस लायपोच्या (तीन सेलच्या, लिथियम पॉलिमरच्या) दोन बॅटऱ्या १३,०००, चार्जर ७,५००, सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) ४,५००, अ‍ॅल्युमिनियमचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर ९,०००, अ‍ॅल्युमिनियमचे आर्म (गाडीला चाक जोडणारे दांडे) आणि हब ८,५००, स्टीलचे ड्राइव्हशाफ्ट (मोटरचा जोर चाकांपर्यंत नेणारे दांडे) ४,५००, टायर २,५००. एकूण ७४,०००.

हातात येणारा पगार ६२,०००. घराचा हप्ता २१,५००, घरखर्च २६,०००, एसआयपी ६,०००. अडीअडचणीसाठी एफडीत ७०,०००. दिवाळीला साधारण ३२,००० बोनस. त्यांचा प्रश्न असा: कार्डावर नऊ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, एफडी मोडू, की एसआयपी वर्षभर थांबवू? पुढे लिहितात, "पुढेमागे विकला तरी पैसे वसूल होतील, म्हणजे ही एक प्रकारे गुंतवणूकच झाली." शेवटच्या ओळीत दोन गोष्टी आहेत. बायकोला हा आकडा अजून सांगितलेला नाही, आणि सात वर्षांच्या मुलीलाही ट्रक चालवायचा आहे.

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. छंदावर पैसे घालणं ही चूक आहे असं मी मानत नाही. ७४,००० रुपये पंधरा वर्षं गुंतवले असते तर त्याचे साडेतीन लाख झाले असते, असं गणित मांडता येतं. मी ते मांडणार नाही, कारण त्या गणितापुढे ना छंद टिकतो, ना कोकणातली सहल, ना मुलीची सायकल. आठवडाभर मशीनवर उभं राहिल्यावर रविवारी तीन तास मातीत घालवणं ही तुमची खरी गरज आहे, आणि तिला बजेटमध्ये हक्काची जागा हवी.

अडचण आहे ती पैसे कुठून काढायचे यात, आणि त्याहून जास्त पार्टच्या क्रमात.

आधी ईएमआय. पगारातून सगळं वजा केल्यावर तुमच्या हातात ८,५०० उरतात. ७४,००० भागिले नऊ म्हणजे ८,२२२. उरले २७८ रुपये. त्यातही 'नो-कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी नव्हे. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट सुरुवातीला देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो, शिवाय प्रोसेसिंग फी. १५ टक्के दर धरला तर जीएसटीच आठशेच्या आसपास जातो. म्हणजे नऊ महिने दरमहा दोनशे रुपयेही सुटे राहत नाहीत. आता विचार करा: पहिल्याच रविवारी उडी चुकली, पुढचा आर्म तुटला, तर तो कुठून आणणार? टेबलावर ७४,००० चा ट्रक असेल आणि पाचशे रुपयांच्या पार्टसाठी तो महिनाभर उभा राहील. तेव्हा माणूस कार्डावर आणखी थोडे टाकतो, आणि थकलेल्या रकमेवर महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढायला लागतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मुलासाठी असाच एक ट्रक घेतला होता, दुसऱ्या कंपनीचा. साध्या मोटरच्या जागी ब्रशलेस बसवली, बाकी सगळं तसंच ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मागचा प्लॅस्टिकचा शाफ्ट ओला टॉवेल पिळावा तसा पिळला गेला. स्टीलचा शाफ्ट टाकला. पुढच्या आठवड्यात गाडी जागच्या जागी घरघरायला लागली. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून गिअरबॉक्स उघडला, तर ग्रीस काळंठिक्कर पडलेलं आणि त्यात पांढऱ्या प्लॅस्टिकचे कीस. गिअरचे चार दात सपाट झाले होते. आधी शाफ्ट मोडून गिअरला वाचवत होता. शाफ्ट मजबूत केला, तसा घाव पुढच्या नाजूक जागी गेला. मोटरवर जेवढे पैसे घातले, जवळपास तेवढेच पुढच्या चार महिन्यांत तिच्या मागोमाग गेले. ते माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हते, आणि तुमच्या यादीतही नाहीत.

तुम्ही टूलरूममधले आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुमच्या स्लॅशवर आत्ता साधी टायटन मोटर आणि एक्सएल-फाइव्ह ईएससी आहे. त्या जागी ३,५०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,५०० फेरे घेणारी) ब्रशलेस आली आणि तिला थ्री-एसचे ११.१ व्होल्ट मिळाले, की मोकळे फेरे मिनिटाला ३८,००० च्या पुढे जातात. तेवढा जोर स्लिपर क्लच, गिअर, शाफ्ट, चाक बसतं तो षटकोनी हेक्स, सगळ्यांतून मातीपर्यंत पोचायचा असतो. म्हणून ब्रशलेससाठी बाजूला ठेवायची रक्कम २४,५०० नाही. त्याच दिवशी लागणारे शाफ्ट धरा, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या तुटफुटीचे निदान सात-आठ हजार धरा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ पैशांबद्दलची नाहीच. तुम्ही लिहिता, "एका हीटमध्ये गाडी दोन-तीनदा उलटते, मार्शल येऊन सरळ करतो." गाडी उलटून परत धावेपर्यंत सात सेकंद धरले, तर तीनदा उलटण्यात २१ सेकंद गेले. तुमचा लॅप २८ सेकंदांचा आहे. म्हणजे पाऊण लॅप तुम्ही गाडी पाठीवर पडलेली असताना हरता. जास्त ताकदीची मोटर हे सेकंद परत देणार नाही, उलट गाडी आणखी एकदा उलटेल. मूळ स्लॅश बसका नाही, त्याचं वजन वरच्या अंगाला येतं, वळणावर तो कलतो. त्यावर इलाज टायरचा, शॉकमधल्या तेलाचा आणि सरावाचा. तुमच्या ट्रॅकच्या मातीला धरतील असे टायर २,५०० ला, थोड्या घट्ट तेलाची बाटली काही शे रुपयांना. तुमच्या यादीत टायर सगळ्यात शेवटी आहेत. मी ते सगळ्यात वर आणतो.

अ‍ॅल्युमिनियमचे आर्म मात्र यादीतून काढाच. नायलॉनचा आर्म आपटला की वाकतो आणि परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा स्वतः शाबूत राहून धक्का बल्कहेडला, म्हणजे आर्म जिथे बसतो त्या भागाला देतो. चांगल्या नायलॉनचे जोड आणा, एक जोड जास्तीचा ठेवा. मागच्या चाकांचे बेअरिंग धरणारे कॅरिअर अ‍ॅल्युमिनियमचे हवेच असतील, तर ते तुम्ही स्वतः मशीनवर बनवू शकता. साहेबांना विचारून, सुट्टीच्या वेळात, उरलेल्या तुकड्यातून. तेवढे पैसे वाचतील आणि बनवण्याचा आनंद वेगळाच.

एफडीला हात लावू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ४७,५०० लागतात. ७०,००० म्हणजे जेमतेम दीड महिना. तुमचं टूलरूम वाहन उद्योगाला पार्ट पुरवतं असं तुम्हीच लिहिलं आहे. २०२० चा एप्रिल आठवा. त्या महिन्यात मारुतीने देशात एकही गाडी विकली नव्हती. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत तेव्हा काय झालं हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. ही रक्कम चार महिन्यांच्या खर्चाएवढी, १,९०,००० पर्यंत, न्यायची आहे. ती कमी करण्याचा विचारच नको.

एसआयपी थांबवण्याचा मोह मला समजतो, बारा महिन्यांचे ७२,००० म्हणजे जवळजवळ ट्रकचीच रक्कम. पण वर्षासाठी थांबवलेली एसआयपी वेळेवर पुन्हा सुरू केलेले लोक मला फार थोडे भेटले आहेत. ती चालू द्या.

मग ट्रकला पैसे कुठले? त्या ८,५०० मधले. ४,५०० एफडीच्या बाजूला जातील, ३,००० ट्रकचे, १,००० हातात मोकळे. ट्रकचे ३,००० वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्यातून जे काही घ्याल त्याचा हिशेब कोणालाच द्यायची गरज नाही, मलाही नाही. दिवाळीच्या बोनसमधले १०,००० ट्रकला, उरलेले २२,००० एफडीला. वर्षाला ट्रकच्या वाट्याला ४६,००० येतात आणि अडचणीची रक्कम १,४६,००० वर पोचते, व्याज वेगळं.

पहिल्या दोन महिन्यांत टायर, तेल, नायलॉनचे आर्म, सुटे पार्ट. त्यानंतर सर्व्हो. मग चांगला बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) आणि दोन सेलची टू-एस लायपो, थ्री-एस नाही. तुमचा आत्ताचा ईएससी टू-एस लायपो घेतो, फक्त त्यातलं लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी फार उतरली की मोटर थांबवणारी सोय) चालू आहे ना ते पाहा. नुसत्या त्या बॅटरीनेही गाडीत फरक जाणवेल. शॉक सध्या राहू देत. ब्रशलेसचा विचार दिवाळीनंतर, तोही शाफ्टसकट आणि तोपर्यंत हीटमध्ये गाडी एकदाच उलटायला लागली असेल तर. आणि आधी आयोजकांना विचारा की ब्रशलेस लावल्यावर तुम्हाला कोणत्या वर्गात धावावं लागेल. आज चौथे येताय, उद्या जास्त वेगवान वर्गात नववे याल, हे माहीत असून पैसे घालायचे असतील तर जरूर घाला.

लायपोबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसे इथे गुपचूप वाया जातात. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट. रविवारी पाऊस आला, शर्यत रद्द झाली, आणि बॅटरी तशीच भरलेली आठवडे पडून राहिली की ती फुगते. चार्जरवर स्टोरेज मोड असतो, सेलला ३.८ व्होल्टपर्यंत आणून ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. चार्ज करताना खोलीत कोणीतरी हवं. बॅटरी बाहेरून मागवू नका, भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला २०१६ पासून कडक नियम आहेत आणि बरेच कुरिअर त्या घेतच नाहीत. बाकीचे पार्ट परदेशी साइटवरून मागवणार असाल, तर दिसणाऱ्या किमतीवर निर्णय घेऊ नका. कुरिअर, कस्टम ड्यूटी, जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरून घरपोच किंमत काढा. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्क्यांवर नेली, तेव्हापासून हा फरक नजरेआड करता येत नाही.

"विकला तरी वसूल" हे मनातून काढा. वापरलेल्या ट्रकचा ग्राहक मूळ गाडीची किंमत करतो, तुम्ही घातलेल्या पार्टची नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ पार्ट पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवा. विकायची वेळ आली तर गाडी मूळ रूपात आणि पार्ट सुटे विका, त्यातल्या त्यात बरे पैसे मिळतात.

आता घरची गोष्ट. ७४,००० चा आकडा तुम्ही सांगू शकला नाहीत, यावरून तो आकडा तुम्हालाही पटलेला नाही असं मला वाटतं. महिन्याला ३,००० हा आकडा बायकोला आज रात्री जेवताना सांगता येईल. त्याबरोबर एफडीत ४,५०० जाणार आहेत तेही सांगा आणि त्यांच्या स्वतःच्या आवडीसाठी किती ठेवायचे ते विचारा. ते मोकळे १,००० आहेत, कमी वाटले तर तुमच्या ३,००० मधून द्या.

मुलीसाठी काहीच विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या एक्सएल-फाइव्हमध्ये ट्रेनिंग मोड आहे, त्यात मोटरची ताकद निम्म्यावर येते. पुढच्या रविवारी हीट संपल्यावर तो लावा, ट्रॅक रिकामा झाला की रिमोट तिच्या हातात द्या, आणि या वेळी मार्शल तुम्ही व्हा.