मुलगा बुटका आहे, पळण्यात मध्यम आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मिडफिल्डर म्हणून करिअर होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 13 वर्षांचा आहे, ॲडलेडला क्लबमध्ये मिडफिल्डला खेळतो, उंची बेताची, वेग मध्यम, तर आत्ताच क्रिकेटकडे वळवावं का. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. वळवू नका.

मिडफिल्डर सॅम मिचेलची कारकीर्द आधी नीट बघा. एएफएल ही इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग, तिचे क्लब दरवर्षी ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू क्रमाने निवडतात. 2000 च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही क्लबने घेतलं नाही. उंची कमी आणि पाय जड, हीच तक्रार. पुढच्या वर्षी मेलबर्नच्या हॉथॉर्न क्लबने 36 व्या क्रमांकावर घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये त्यांचा पहिला क्रमांक ल्यूक हॉजसाठी गेला होता. 2002 मध्ये बॉक्स हिलकडून खालच्या लीगमध्ये खेळताना तिथल्या सर्वोत्तम खेळाडूची लिस्टन ट्रॉफी त्याने मिळवली. मग 329 सामने, चार प्रीमियरशिप (लीगची अजिंक्यपदं), त्यातली 2008 ची कर्णधार म्हणून. 2012 चं ब्राउनलो मेडलही (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) त्याला आणि ट्रेंट कॉचिनला मिळालं, मूळ विजेत्याकडून काढून घेतल्यावर, चार वर्षांनी. आज तो हॉथॉर्नचा कोच आहे. वेगवान तो कधीच झाला नाही. पण दोन्ही पायांनी सारखाच मारायचा, त्यामुळे समोरच्याला त्याची एक बाजू बंद करून भागायचं नाही.

हे सगळं मला तोंडपाठ का आहे, ते सांगते. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा असल्यापासून फूटी, म्हणजे हाच फुटबॉल, खेळतोय. पंधराव्या वर्षी त्याला आमच्या भागातल्या टॅलेंट संघाच्या चाचणीला बोलावलं. जूनमधला गारठा, एक मोठा बंदिस्त हॉल, रबरी फरशीवर 20 मीटरच्या दोन टोकांना वेळ मोजणारे खांब. तीन संधी होत्या. तिन्ही वेळा 3.2 सेकंदांच्या वरच. टॅब्लेट घेऊन बसलेल्या गृहस्थांनी आकडा भरला, मान वर केली नाही. परतीच्या वाटेवर पोरगं एवढंच म्हणालं, "आई, बॉल तर कोणी दिलाच नाही गं."

त्याच आठवड्यात शनिवारी क्लबचा सामना होता. चिखल, पाऊस, मी छत्री घेऊन कुंपणाला टेकून उभी. माझ्यासमोर दहा हातांवर सहा-सात मुलांचा ढीग पडला. त्या ढिगाच्या तळातून माझ्या मुलाचा डावा हात तेवढा बाहेर आला, मूठ बॉलवर बसली आणि हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, थेट पळत येणाऱ्या विंगरच्या छातीवर. त्याने बघितलंच नव्हतं तिकडे. तो पोरगा तिथे असणार हे त्याला ढिगात शिरण्याआधीच ठाऊक होतं. मिडफिल्डर म्हणजे हे! बाकी सामनाभर 12-13 किलोमीटर पळणं आलंच, पण ते कष्टाने जमतं.

मंगळवारी मेसेज आला, निवड नाही. मी फोन केला. "मुलगा हुशार खेळतो, पण पायात वेग नाही," असं उत्तर. मी विचारलं, शनिवारी कोणी बघायला आलं होतं का? नव्हतं आलं. माझं आजही हेच म्हणणं आहे: जे मोजायला सोपं तेच मोजायचं आणि त्यालाच गुणवत्ता म्हणायचं, हा आळस आहे. लॉकी नील 2011 च्या ड्राफ्टमध्ये 58 व्या क्रमांकावर गेला, तो पावणेसहा फुटांच्या आसपासचा माणूस, आणि 2020 आणि 2023 ची ब्राउनलो त्याची. स्कॉट पेंडलबरी बास्केटबॉलमधून आला, तोही पळण्यासाठी प्रसिद्ध नाही. 2024 मध्ये त्याने 400 सामने पूर्ण केले.

आता तुम्ही विचारलेलं. करिअर किती टिकतं? क्लब 18 च आहेत, ड्राफ्ट अठराव्या वर्षी, पहिला करार दोन-तीन वर्षांचा. त्यात टिकलात तर पैसा उत्तम. पण बरीच मुलं शंभर सामन्यांच्या आतच बाहेर पडतात. गुडघा, डोक्याला मार, नाहीतर नुसता नवा कोच. त्यामुळे शिक्षण सोडायचं नाही, यावर आमच्या घरात कधी वादच झाला नाही. आणि हेही मान्य करते की त्या वर्षी संघात घेतलं असतं तरी माझा मुलगा ड्राफ्टपर्यंत पोचला असताच असं नाही. त्याच्या वयाचे चांगले मिडफिल्डर खूप होते. आज तो 19 चा आहे, टेफमध्ये, म्हणजे सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत, इलेक्ट्रिशियनचं शिकतो आणि आमच्या उपनगराच्या क्लबकडून सीनियर संघात सेंटरला उभा राहतो. गेल्या मोसमात समोर जो होता, तो टॅलेंट संघात घेतलेल्यांपैकीच. त्या दिवशी मी शेवटच्या भोंग्यापर्यंत कुंपण सोडलं नाही.

तुम्ही एक करा. मुलाला घड्याळ लावून पळवत बसू नका. रोज अर्धा तास भिंतीवर कमजोर हाताने हँडबॉल आणि मैदानावर कमजोर पायाने किक. आमच्या गॅरेजच्या दाराला डाव्या बाजूला पोचे पडलेत, ते मी मुद्दाम दुरुस्त केलेले नाहीत. उंची, वजन, वेग सगळं लिहिलंत तुम्ही, पण तो डाव्या पायाने कसा मारतो, ते लिहिलं नाहीत. ते कळवा.