मे महिन्यातील पाण्यावर लॉनचा आकार ठरवावा

प्रश्न : कोल्हापूरहून कागलकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आम्ही नुकतेच घर बांधले. जागा १२ गुंठे असून तेथे पूर्वी ऊस होता. घराभोवती सुमारे ७ गुंठ्यांत गेल्या पावसाळ्यात लॉन लावून घेतले. परंतु उन्हाळ्यात ते जागोजागी पिवळे पडले, लव्हाळा माजला आणि बोअरचे पाणीही अपुरे पडू लागले. माळीकाका दर पंधरवड्याला युरिया टाकायला सांगतात. आम्ही दोघेही नोकरी करतो. एवढी बाग कशी राखावी? शिवाय सासूबाईंना घराजवळ आंबा हवा आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ खतात नसून लॉनच्या आकारात आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एका चौरस मीटरला ५ लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यामुळे गुंठ्याला रोज ५०० लिटर आणि आपल्या ७ गुंठ्यांना साडेतीन हजार लिटर पाणी हवे. पाच हजार लिटरचा टँकर मागवला, तरी तो जेमतेम दीड दिवस पुरेल. म्हणून बोअर मे महिन्यात तासाला किती पाणी देते, हे टाकी भरून मोजावे, घरखर्चाचे पाणी वजा करावे आणि उरलेल्या पाण्यात जेवढी हिरवळ जगेल तेवढीच ठेवावी. मुले खेळतात, संध्याकाळी घरची माणसे बसतात, तेवढ्या भागापुरते दोन गुंठे आपल्याला पुष्कळ आहेत.

पिवळेपणाचे कारण शोधण्यासाठी एका पिवळ्या आणि एका हिरव्या ठिकाणी वीतभर खोल खणून पाहावे. नव्या घरांभोवती पायातून निघालेला मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा पसरून वर बोटभर माती टाकलेली फार वेळा आढळते. अशा जागी मुळे खाली उतरत नाहीत. सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) वाढतो, लोह मुळांना मिळत नाही आणि कोवळे पाते पिवळे पडते. तेथे युरियाने पाते चार दिवस गडद दिसेल, पण दोष तसाच राहील. जेथे हिरवळ ठेवायची आहे, तेथील डबर काढून नऊ ते बारा इंच पोयटा (गाळाची माती) आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे. अर्धवट कुजलेले खत घेऊ नये, कारण त्यातून तणाचे बी येते. भरणी करताना उतार घरापासून बाहेर, शंभर फुटांना एक फूट तरी ठेवावा आणि भिंतीलगतची दोन फूट पट्टी मोकळी सोडावी. नाहीतर पाणी जोत्याशी मुरते.

लव्हाळा वरून उपटल्यास जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा पाती वर येतात. नव्याने लावायच्या भागाला आधी पाणी देऊन लव्हाळा उगवू द्यावा आणि ओली माती खुरप्याने सैल करून गाठींसह काढावा. हे दोन-तीन वेळा केल्यावरच गवत लावावे. उभ्या लॉनमध्येही हाच मार्ग सुरक्षित आहे, कारण सरसकट तण मारणारे औषध लॉनलाही मारते.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा पहाटे, तीन-चार दिवसांआड, भरपूर द्यावे. सरळ कडेचे दोन डबे लॉनवर ठेवून त्यांत २० मिलिमीटर पाणी साचेपर्यंत फवारा चालवावा. तहानलेले गवत निळसर-राखाडी दिसते आणि त्यावर उमटलेले पाऊल बराच वेळ तसेच राहते. हे दिसताच पाणी द्यावे. कापणी करताना पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये आणि उन्हाळ्यात गवत थोडे उंचच राखावे. पावसाळ्यात आठवड्याला, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी कापणी पुरते.

आपली जागा उसाच्या रानातली असल्याने हुमणी या मुळे कुरतडणाऱ्या किडीकडे विशेष लक्ष द्यावे. वळिवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. पुढे श्रावण-भाद्रपदात गवताचा एखादा पट्टा पिवळा पडून चटईसारखा सहज उचलला गेला, तर खाली तपकिरी डोक्याच्या, वाकड्या पांढऱ्या अळ्या हमखास सापडतील. पावसाळ्याच्या आरंभी शेणखतात मिसळलेली, हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी जमिनीत द्यावी.

उरलेल्या पाच गुंठ्यांत पारिजातक, बकुळ, सोनचाफा, लिंबू, कढीपत्ता लावावा. झाडांच्या आळ्यांवर पाचटाचे जाड आच्छादन करावे, मात्र वाळवीमुळे ते भिंतीपासून दूर ठेवावे. ही झाडे दोन-तीन वर्षांत मुळे धरतात आणि मग लॉनच्या मानाने फारच थोडे पाणी मागतात. सासूबाईंचा आंबा अवश्य लावावा, पण घरापासून पंचवीस-तीस फुटांवर.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या लॉनवर शेवाळ धरते. कोणते औषध मारावे? – एक वाचक, राधानगरी रस्ता

उत्तर : औषधाची गरज नाही. शेवाळ धरते ते सावलीत आणि दबलेल्या, पाणी साचणाऱ्या जमिनीवर. वरच्या फांद्या विरळ कराव्यात आणि उघडीप मिळताच दाताळ्याने शेवाळ खरवडून काढावे. नंतर टोकदार पहारीने वीतभर अंतरावर चार इंच खोल छिद्रे पाडून त्यांत जाड वाळू भरावी. दाट सावलीत मात्र गवताचा आग्रह सोडून तेथे फरशीचे तुकडे बसवावेत किंवा नेचे लावावेत.