आजोबांची रॅले, एफडी आणि गॅरेजमधला बेत

चिंचवडच्या एका वाचकाने विचारलंय: आजोबांनी १९५० च्या सुमारास घेतलेली रॅले सायकल गावाकडून आणून रो-हाउसच्या गॅरेजमध्ये ठेवली आहे. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्टर्मी-आर्चर हे गियरच्या हबच्या कंपनीचं नाव कोरलेलं आहे, पण त्यातला गियर अडकलाय. ती नवी करून घ्यायची आहे. अंदाज ८५ हजारांचा: रंग आणि निकल १४ हजार, नवी चाकं-गियर-डिस्क ब्रेक २६ हजार, चामड्याची सीट १२ हजार, हत्यारं-स्टँड-कॉम्प्रेसर २३ हजार, किरकोळ १० हजार. त्यातले ४५ हजार एफडी मोडून आणि ४० हजार क्रेडिट कार्डावर वर्षभराच्या हप्त्याने. पुढे वर्षाला दोन-तीन जुन्या सायकली घेऊन, दुरुस्त करून विकायचाही विचार आहे. हातात पगार ७२ हजार. घराचा हप्ता २१, घरखर्च ३८, एसआयपी ८ हजार. एफडी एकूण ३ लाखांची, मुलगी अकरावीत. पत्नीचं म्हणणं, एवढ्या पैशात नवी गियरची सायकल येईल.

नमस्कार.

सायकल जरूर करा. एफडी मोडू नका, कार्डाला हात लावू नका, आणि या सायकलीला डिस्क ब्रेक तर अजिबात लावू नका. शेवटचा मुद्दा सल्लागाराच्या कक्षेबाहेरचा वाटेल, पण तुमचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जाणार आहेत.

आधी पैशांचं बोलू. घराचा हप्ता आणि घरखर्च धरला तर महिन्याला ५९ हजार लागतात. म्हणजे तुमची ३ लाखांची एफडी पाच महिन्यांची शिदोरी झाली. मी सहा महिन्यांची ठेवायला सांगतो. तुम्ही आधीच थोडे मागे आहात. त्यातून ४५ हजार काढले की सव्वाचार महिने उरतात. शिवाय मुदतीआधी मोडली तर बँक जेवढा काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लावते आणि बहुधा त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापते.

कार्डाचा हप्ता ऐकायला हलका वाटतो. ४० हजारांवर वार्षिक १६ टक्के धरलं तर महिना सुमारे ३,६३० रुपये. वर्षभरात व्याज ३,५५० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ६४०, प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम छोटी आहे, पण तुमच्याकडे सगळे खर्च जाऊन महिन्याला ५ हजारच उरतात. हप्ता गेल्यावर १,३७० राहतील. त्या महिन्यात मुलीच्या क्लासची फी किंवा आईचं औषधपाणी आलं की कार्डाचं बिल अर्धवट भरलं जाईल, आणि थकलेल्या रकमेवर कार्डवाले महिन्याला तीन-साडेतीन टक्के लावतात. वर्षाचे चाळीसच्या आसपास. हौसेपायी या फेऱ्यात अडकायचं काहीच कारण नाही.

आता तुमच्या यादीकडे येतो. सायकलीच्या पुढच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, म्हणजे रॅलेचं इंग्लंडमधलं मूळ गाव, आहे का, ते बघा. १९५० च्या दशकात आसनसोलला सेन-रॅलेचा, म्हणजे इथेच रॅले बनवणारा, कारखाना सुरू झाला, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या रॅले सापडतात. स्टर्मी-आर्चरच्या हबवर बहुतेक वेळा सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. काजळी पुसली की दिसतात. नॉटिंगहॅमची निघाली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळच्या रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पायडलचा धुरा फिरतो त्या नळीला, इंचाला २६ आटे असायचे, बाकीच्यांना सहसा २४. बाजारातला साधा कप तिला बसणार नाही. जुने कप आणि धुरा खराब दिसले तरी फेकू नका, मिस्त्रीलाही फेकू देऊ नका. नुसते छर्रे बदलून, ग्रीस भरून बरंच काम भागतं, आणि छर्रे मिळतात अगदी किरकोळीत.

गियर अडकलाय म्हणून नवी चाकं घ्यायची घाई करताय. थांबा. या हबमधलं जुनं तेल घट्ट होऊन आतल्या कुत्र्या (गियर पकडणारे छोटे खटके) चिकटून बसतात. तेलाच्या बुचातून पातळ तेल सोडा, काही दिवस अधूनमधून चाक फिरवत राहा, मग गियरची केबल आणि हबमधून येणारी बारीक साखळी यांचा ताण जुळवा. पुष्कळदा एवढ्यावर तिन्ही गियर परत चालतात. २६ हजारांच्या आकड्यासमोर तेलाची एक बाटली आधी वापरून बघायलाच हवी.

डिस्क ब्रेकचं असं की पुढचं चाक धरणाऱ्या त्या जुन्या चिमट्याला (फोर्कला) असा ब्रेक बसवायची जागाच नाही आणि एका पायावर तेवढा जोर घ्यायला तो केलेलाही नाही. म्हणजे नवा चिमटा आला. तुम्हाला घ्यायचंय ते आठ गियरचं मागचं चाक जुन्या हबपेक्षा रुंद, म्हणजे फ्रेम फाकवणं आलं. रंगासाठी पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला रंग) करायचं तर धातू उघडा करावा लागतो, त्यात सोनेरी रेघा आणि कंपनीची अक्षरं जातात आणि परत येत नाहीत. जुन्या सायकलींची पारख असलेला माणूस पैसे मोजतो ते नेमके याच गोष्टींचे. २६ आणि १४ मिळून ४० हजार घालून तुम्ही सायकलीची किंमत कमी करणार आहात. कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल म्युझियम एकदा वहिनींना घेऊन बघून या. मूळ रूपातली सायकल कशी दिसते ते कळलं की यादी आपोआप छोटी होईल.

मनासारखी रंगीत, गियरवाली करायचीच असेल तर जुन्या बाजारातून एखादी ॲटलस किंवा हर्क्युलिसची फ्रेम आणा आणि तिच्यावर करा. ती हौसही खरी आहे, तिला माझा विरोध नाही. फक्त आजोबांच्या सायकलीवर नको.

हत्यारांचे २३ हजार सहावर आणा. चांगले पाने, हबसाठी पातळ कोन पाना, साखळी तोडायचं हत्यार, हवेचा पंप. कॉम्प्रेसर नको. कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धुऱ्याला पक्का करणारी खीळ) काढताना क्रँकखाली पाइपाचा आधार द्या, नाहीतर हातोड्याचा मार थेट छर्‍यांवर बसतो. चाकांचे आरे ताणून आउट काढायचं, म्हणजे वाकडं चाक सरळ करायचं, काम मात्र मुरलेल्या मिस्त्रीकडे द्या. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. सीटचं चामडं फाटलेलं नसेल, नुसतं सुकलं असेल, तर आधी तेच जगवून बघा. १२ हजार दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबू शकतात.

म्हणजे हत्यारं ६, किरकोळ १०, हँडल आणि रिमच्या निकलला ४. झाले २० हजार. महिन्याला २,५०० बाजूला काढलेत तर आठ महिने. काम त्याच गतीने करा, पैसे साठतील तसं. यात पहिला खर्च ब्रेक शू आणि टायर-ट्यूबचा. ओल्या स्टीलच्या रिमवर रॉड ब्रेक आधीच कमी धरतात, तिथे काटकसर नको. वहिनींचं गणित चूक नाही, या पैशात वापरायला सोयीची सायकल खरंच येईल. पण तुम्हाला ही सायकल हवी आहे, आणि वर्षाला वीस हजारांची हौस तुमच्या पगाराला झेपते. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही, एवढं घरात दोघांनी मान्य करा.

धंद्याचं सध्या थांबवा. तुमचाच हिशेब: ४ हजारांची सायकल, ८ हजार खर्च, २० हजारांना विक्री. सुटतात ८ हजार. संध्याकाळी आणि रविवारी मिळून साठ तास गेले तर तासाला १३३ रुपये, तेही गिऱ्हाईक लगेच मिळालं तर. कॅफेवाल्याला भिंतीवर टांगायला स्वस्त सायकल हवी असते, हबमधल्या तुमच्या मेहनतीशी त्याला देणंघेणं नसतं. संग्राहकाला मूळ रूप हवं असतं. तुमची रंगवलेली, सजवलेली सायकल दोघांच्या मधे अडकते. एक करा, विका, मिळालेले पैसे खरोखर मोजा, मग दुसरीचं बघू. घरची वापरातली सायकल विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण विकण्यासाठीच घेत राहिलात तर तो व्यवसाय होतो आणि नफा विवरणपत्रात दाखवावा लागतो. आणि जुनी सायकल घेताना विकणाऱ्याकडून नाव, सही, फ्रेम नंबर असा कागद घ्या. चोरीचा माल गळ्यात यायला वेळ लागत नाही.

एफडीबद्दल शेवटचं. आता मुदत संपेल तेव्हा ३ लाखांची एकच पावती करू नका, एक-एक लाखाच्या तीन करा. अडीअडचणीला एकच मोडावी लागेल, बाकीच्या दोन पूर्ण व्याजाने चालू राहतील. रॅलेचं काम संपलं की ते महिन्याचे २,५०० तिथेच वळवा; एक वर्ष नेमाने टाकलेत तर ३० हजार, म्हणजे सहाव्या महिन्याची अर्धी सोय होते.