तेल शोधणारी एक छोटी कंपनी म्हणते, आमच्या क्षेत्रात अब्जावधी बॅरल तेल असू शकते. शेअर घ्यावा का?

आधी ते 'असू शकते' नीट वाचा. विहीर खोदण्याआधीचा आकडा म्हणजे 'प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस', जमिनीत कृत्रिम कंपनलहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणावरून बांधलेला अंदाज. 'रिझर्व्ह' हा शब्द तेल सापडल्यावर आणि ते काढणे परवडते हे दिसल्यावरच लावता येतो. जाहिरातीत बहुतेकदा सर्वांत आशावादी आकडा असतो, म्हणजे तेवढे तेल निघण्याची शक्यता जेमतेम 10 टक्के. तीही तेल सापडलेच तर! 'खोदताना तेलाच्या खुणा दिसल्या' या बातमीवरही भाळू नका. चाचणीत रोज किती बॅरल वाहिले ते विचारा.

मग ताळेबंद उघडा. उत्पन्न शून्य, रोकड पाच-सहा महिन्यांची आणि विहिरीचा खर्च त्याच्या कितीतरी पट असेल, तर नवे शेअर निघणार आणि तुमचा हिस्सा पातळ होणार. मला सगळ्यात जास्त खटकते ते हे, की मोठी घोषणा आणि लगेच भांडवल उभारणी. संचालकांचे पगार मात्र नियमित चालू असतात.

शेलसारख्या बलाढ्य कंपनीलाही जानेवारी 2004 मध्ये 3.9 अब्ज बॅरलचे साठे 'सिद्ध' यादीतून काढावे लागले होते. स्वतंत्र लेखापरीक्षकाने 'गोइंग कन्सर्न'बद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहू शकेल का याबद्दल, शंका नोंदवली असेल, तर मी तरी पैसे घालणार नाही.